रूपाबाईनं सांगितलेलं

हिंगोली
१४ डिसेंबर १९३९

द्वारका,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, चार ओळींचा हुकूमच. "तुमची सगळी पत्रं वाचली. त्यांत तुम्हीच आहात. मी स्वतःला शोधलं, कुठे सापडले नाही. यापुढे लिहू नये." खाली नाव नाही. नाव लिहायला काय भीती वाटली?

वाचली, चुरगाळली, पुन्हा सरळ केली. आता लिहिताना या कागदाखाली तीच घेतलीय.

लिहू नये म्हणतेस; मी लिहिणार. तुझ्या मैत्रिणीच्या, आशाबाईंच्या पत्त्यावरच लिहिणार. त्यांना तकलीफ होत असेल तर त्यांनी मला तसं कळवावं. तुझ्या भावानं भर गल्लीत माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा मी हात उचलला नाही, तो तुझा भाऊ म्हणून. दुसरा कोणी असता तर त्या दिवशी औरंगाबादेत काय झालं असतं ते सांगत नाही.

कॉलेज सोडलं ते तुला कळलंच असेल. इथं सांगितलंय की प्रोफेसराशी झगडा झाला, इज्जतीचा सवाल होता. लोक मान डोलावतात. खरं काय ते तुला माहीत आहे. परीक्षेच्या फॉर्मवर सही करायचा शेवटचा दिवस होता, त्या दिवशी मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तू बाहेर आली नाहीस.

साखऱ्याला घरी गेलो. वडील खळ्यावर होते. वर न बघता म्हणाले, "काहून आलास?"

म्हटलं, "मला लेखक व्हायचंय."

त्यांना वाटलं, तहसिलीत कारकून होतोय. म्हणाले, "बराबर. पक्की नोकरी हाय." मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हणजे कामधंदा काय?" त्यावरून जे पेटलं ते पेटलं. मी तोंडाला येईल ते बोललो आणि निघालो.

आता हिंगोलीत आहे. हळदीच्या एका आडत दुकानामागं खोली मिळालीय. अंथरुणापासून शाईपर्यंत सगळ्याला हळदीचा वास. दिवसा टपाल कचेरीच्या ओट्यावर बसतो आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून देतो. मजकूर मराठीत, पत्ता उर्दूत. कॉलेजचा एवढाच उपयोग झाला.

पण हे थोड्या दिवसांचं आहे. पुण्याच्या एका मासिकाला सात कविता पाठवल्यात. सगळ्या तुझ्यावर. छापून आल्या की ते मासिक नेऊन तुझ्या वडिलांच्या वकिलीच्या टेबलावर आपटणार. लेखक का व्हायचंय असं तू एकदा विचारलं होतंस, मी नुसता हसलो होतो. हे त्याचं उत्तर.

लिहू नये म्हटलं तरी तुझाच,
उत्तम


हिंगोली
९ जानेवारी १९४०

द्वारका,

उत्तर नाही. ठीक आहे.

माझं बरं चाललंय. माझ्या आधी इथं जो लिहायला बसायचा तो लोक सांगतील तेवढंच लिहायचा. मी रंगवतो. बाजाराच्या दिवशी ओट्याखाली गर्दी असते. परवा ग्यानबा हमाल आला. त्याची बायको माहेरी जाऊन बसलीय. म्हणाला, "लिव्हा, ये म्हणावं. भाकरीची आबाळ होऊन राहिली." बस, एवढंच. मी दोन बाजू भरून लिहिलं. विरहानं त्याला चांदणंसुद्धा कसं पोळतं ते. वाचून दाखवलं तर गडी डोळे पुसायला लागला. "मालक, मी इतक्या दुःखात हाय हे मला ठावंच नव्हतं!" बायको आली. येताना भावाला सोबत घेऊन आली, नवऱ्याला नक्की काय झालंय ते बघायला.

हसलीस का? हसली असशील तर तेवढं कळव.

एक बाई रोज ओट्याखाली उभी राहून ऐकते. रूपाबाई. आमच्या साखऱ्याच्या शिवेवर जो तांडा आहे तिथली. लहानपणी मी त्यांच्या बैलांमागं फिरलोय, पण ही मला आठवत नाही. तिचा भाऊ किसनसिंग तिला एका ठिकाणी द्यायला निघाला होता; ही खेमा नावाच्या गड्यासोबत निघून आली. भावानं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं. दोघं इथल्या एका जिनात कापसाची ओझी वाहायचे. दिवाळीनंतर खेमा हिवतापानं गेला. आता जिनाच्या पत्र्याच्या छपरात एकटीच राहते. आठवा महिना लागलाय. सोबतीला कोण, तर सुमनबाई म्हणून तिथलीच एक बाई, तिच्याही अंगावर पितं लेकरू.

काल मीच म्हटलं, "बाई, तुला लिहायचंय का?"

"भाऊ रागात हाय."

"मग रागावलेल्यालाच तर लिहायचं असतं."

माझ्याकडं बघत राहिली. "सगळे गेल्यावर तू कुणाला लिवतो रोज?"

"आहे एक."

"ती रागात हाय?"

"हो."

"मंग? आली का?"

मी म्हटलं, "काम असेल तर बोल, न्हाई तर बाजूला हो." ती हसली. बाजूला झाली नाही.

उत्तम


हिंगोली
२० जानेवारी १९४०

द्वारका,

आज सकाळी पाकीट आलं. आशाबाईंचं अक्षर. फोडताना अर्धं फाडलं मी ते. आत हिंगोलीहून टाकलेली माझीच पत्रं, एकही उघडलेलं नाही, आणि एक चिटोरं. "द्वारकेचं लग्न ठरलं आहे. पुन्हा पत्र आल्यास तिच्या भावाच्या हाती दिलं जाईल."

म्हणजे ग्यानबाची गंमत तू वाचलीच नाहीस.

हे पत्र मी टाकणार नाही. पण तुझं नाव वर लिहिल्याशिवाय माझा हात चालत नाही, त्याला मी काय करू?

पाकीट मांडीवर घेऊन बसलो होतो तेवढ्यात रूपाबाई आली. रोज खाली उभी राहणारी आज ओट्यावर चढून समोर बसली. म्हणाली, "लिव्ह. किसन्याला लिव्ह. खेमा गेला. माझे दिवस भरत आले. माझ्यापाशी कुणी न्हाई. गाडी घेऊन ये, शिवरात्रीच्या आत ये. राग मागून कर, आधी गाडी जुप."

मी लिहिलं: "प्रिय बंधो, दैवाच्या वावटळीत सापडलेली तुझी अभागी भगिनी अश्रूंच्या महापुरात तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. महाशिवरात्रीपूर्वी शकटासह यावे." त्या घडीलासुद्धा मला 'शकटासह' सुचलं याचं बरं वाटलं.

लिहून झाल्यावर बघतो तर कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात मी तुझं नाव काढून बसलेलो. एकदा नाही, दोनदा. कधी काढलं ते मला कळलं नाही. खोडलं तर शाईचा डाग पडला असता. दुसरं कार्ड जवळ नव्हतं, टपालाची खिडकी जेवणासाठी बंद होती आणि थैली निघायच्या बेतात. रूपाबाई पाणी प्यायला गेली होती. मी तो कोपरा फाडून टाकला आणि कार्ड पेटीत सोडलं.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड, हे काय मला माहीत नाही? सगळ्या मुलखाला माहीत आहे. पण खाली अक्षरं आहेत की! तिचं नाव आहे, ये म्हटलंय. माणूस अक्षरं वाचील की कोपरा?

नवरा कोण? वकीलच असेल.

उत्तम


हिंगोली
५ फेब्रुवारी १९४०

द्वारका,

रूपाबाई रोज येते. पायऱ्या चढताना आता धाप लागते तिला. पहिला सवाल ठरलेला: "गाडी आली का?" जसा काही मीच किसनसिंग आहे. मग म्हणते, "काय लिवलंस ते परत सांग." मी पाठ म्हणून दाखवतो.

"शकट म्हंजे?"

"गाडी."

"मंग गाडीच काहून न्हाई लिवलं?"

आज तिला विचारलं, "तांड्यात वाचता कोणाला येतं?"

"कुणालाच न्हाई. गावात कुलकर्णी हाय. कार्ड आलं की त्याच्याकडं नेतेत." वर म्हणाली, "चांगलं कार्ड असलं तर."

तिनं ते सहज म्हटलं. तिला काही माहीत नाही.

दुसरं कार्ड लिहावं असं चार वेळा मनात आलं. पण ती समोर बसून विचारणार, दुसरं कशाला, पहिल्याचं काय झालं? साखऱ्याला जाऊन तोंडानंच सांगून यावं असंही आलं. तांड्याची वाट आमच्या खळ्यावरून जाते. वडील असणार. ते विचारणार, "काहून आलास?"

टपालाला उशीर होतो कधी कधी. शिवरात्रीला महिना आहे अजून.

उत्तम


हिंगोली
१४ फेब्रुवारी १९४०

द्वारका,

रूपाबाई रविवारी गेली.

सुमनबाई सांगत होती, "सकाळीच पोट दुखाया लागलं. म्हनली, न्हाई गं, अजून दिवस हायेत, भाऊ येणार हाय. दुपारी पोरगी झाली, अन मंग रगत थांबंनाच. सुईण येईस्तोवर गार पडली." कयाधू नदीच्या काठाला जिनातल्या चार माणसांनी माती दिली. मी मागं उभा होतो. पोरगी जगलीय. सुमनबाई आपल्या लेकरासोबत तिलाही पाजते.

आता हे पुढचं मला कोणालातरी सांगायचंच आहे, आणि तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

काल मंगळवारी ओट्यापुढं एक गाडी सुटली. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. "मालक, हितं कार्डं कोण लिवून देतं?"

"मी."

त्यानं निरखून बघितलं. "तुमी साखऱ्याच्या पाटलाचे, व्हय ना? छोटे पाटील?" पागोटं काढून हातात घेतलं. "मी किसनसिंग. आमच्या रूपाचं कार्ड तुमीच लिवलं?"

"हो."

"दगडोबा कोतवाल घेऊन आला. रोज आत येऊन च्या मागतो, त्या दिशी लांबूनच दिलं अन गेला. कोपरा बघितला अन माय होती तिथंच खाली बसली. हिंगोलीचं कार्ड म्हंजे रूपाच. असलं कार्ड घरात ठेवत न्हाईत, वाचूनबी घेत न्हाईत. वड्याच्या पाण्यात सोडलं. दिवस केले तिचे. मंग म्हटलं, राग होता तो होता. जिथं माती दिली तिथं तरी जाऊन यावं."

ती दोन दिवसांपूर्वी जिवंत होती, द्वारका. तिकडं तिचे दिवस घातले जात होते तेव्हा ती या ओट्यावर बसून गाडीची वाट बघत होती.

मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "काय लिवलं होतं हो त्यात?"

आणि मी म्हणालो, "'आपल्या भगिनीस शांतपणे देवाज्ञा झाली. अखेरच्या क्षणी तिच्या मुखी आपलंच नाव होतं.'"

कुठंही अडखळलो नाही. जिभेवर तयारच असल्यासारखं आलं.

त्याचे डोळे भरले. "लई चांगलं लिवलं मालक. देव भलं करील तुमचं." गाडीतून तुपाचं गाडगं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. मायनं दिलंय म्हणाला, ज्यानं कार्ड लिवलं त्याच्यासाठी.

मग सांगितलं की पोरगी आहे. त्याला ती पोटुशी होती हेच माहीत नव्हतं. कसं असणार? खाली बसला, उठला, जिनाकडं निघाला. मी आडवा झालो. म्हटलं, जिनात परक्याला सोडत नाहीत, मी घेऊन येतो. खोटं. सुमनबाई एका वाक्यात सगळं सांगून बसली असती. तिच्याकडं गेलो तर ती पदर खोचून निघालीच. "दोन शबुद बोलू दे त्याच्यासंगं."

"घाईत आहे तो."

"बहिणीचं लेकरू न्यायला आला अन घाईत?" माझ्याकडं तिनं असं बघितलं की मी पोरगी घेऊन जवळजवळ पळत निघालो.

नदीकाठी नेऊन त्याला जागा दाखवली. वाळू सगळीकडं सारखीच असते, म्हणून माती ताजी आहे ते त्याला कळलं नाही. पण पोरीचं फडकं सारून त्यानं बघितलं. जनावरांत जन्म गेलेला माणूस. "नाळ अजून ओली दिसते."

"अशक्त आहे, म्हणून," मी म्हटलं.

त्यानं पोरगी गाडीत घेतली. शेळीच्या दुधात बोळा भिजवून पोरीच्या ओठाला लावला आणि गाडी हाकली.

तुपाचं गाडगं खोलीत आहे. झाकण उघडलेलं नाही. लग्न कधी आहे तुझं?

उत्तम


साखऱ्याचा तांडा
१९ मार्च १९४०

द्वारका,

महिनाभर एक ओळ लिहिली नाही. लोक ओट्याशी यायचे, मी उठून जायचो. ग्यानबा म्हणाला, "मालक, तुमचीबी बायको माहेरी गेली का काय?"

गेल्या आठवड्यात पुण्याहून मासिक आलं. सातांतली एक कविता छापलीय. खाली माझं नाव, पूर्ण. मी पान नाकाशी धरून शाईचा वास घेतला. मग कविता वाचली. तिसऱ्या ओळीत 'अश्रूंचा महापूर' आहे. तोच, जो मी रूपाबाईच्या कार्डात घातला होता. तिला गाडी हवी होती. तुला काय हवं होतं ते मी कधी विचारलंच नाही. दोघींनाही मी एकाच भांड्यातलं वाढलं. तुझ्या चिठ्ठीवर इतके दिवस जळत होतो. तू बराबर लिहिलं होतंस.

मासिक तिथंच ठेवलं आणि चालत निघालो. सेनगावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी साखऱ्यात पोहोचलो. खळ्यावर वडील होते. त्यांनी काही विचारायच्या आत म्हटलं, "तांड्यावर जाऊन येतो." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. प्यालो आणि गेलो.

किसनसिंग दारात जू तासत होता. "छोटे पाटील! या, या. पोरगी बघा, बाळसं धरून राहिली."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. पाकीट, कार्ड, कोपरा. कोपऱ्यात कोणाचं नाव होतं तेही. रूपाबाई रोज ओट्यावर येऊन बसायची तेही.

"कार्ड आलं तवा ती जिती होती?"

"हो."

त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, एकेक पेर. "पंधरा दिस," म्हणाला. "गाडीला दोन लागतेत."

मला वाटलं, आता मारील. खरं सांगू? मी त्यासाठीच गेलो होतो. हातात तासणी होती त्याच्या. चार रट्टे खाल्ले असते, रक्त निघालं असतं, मी हलका होऊन परत आलो असतो. त्यानं तासणी बाजूला ठेवली.

"मला त्याच दिशी वाटलं होतं," म्हणाला. "नाळ बघून. पण म्हटलं, शिकलेलं माणूस खोटं कशाला बोलल?" इतका वेळ मी छोटे पाटील होतो. आता म्हणाला, "तू लिवलं ते नको. ती काय बोलली ते सांग."

मी सांगितलं. खेमा गेला. माझे दिवस भरत आले. माझ्यापाशी कुणी न्हाई. गाडी घेऊन ये, शिवरात्रीच्या आत ये. राग मागून कर, आधी गाडी जुप.

त्यानं ते जू दोन्ही हातांनी धरलं. "रूपाच," म्हणाला. "ही आमची रूपाच हाय." मग उठला आणि बैलांकडं जाता जाता म्हणाला, "मायला तू सांग. मी न्हाई सांगत."

माय म्हणजे भिकाबाई. मांडीवर नात घेऊन आत बसली होती. मी पुन्हा सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. पोरीच्या अंगावर माशी बसली तेवढी हाकलली. माझं संपल्यावर म्हणाली, "हे किसन्याला बोलली. मला?"

आता जे तुलाही सांगितलं नाही ते सांगतो. वीस जानेवारीच्या पत्रात मी ते गाळलं. भावाचा निरोप झाल्यावर रूपाबाई म्हणाली होती, "आता मायला लिव्ह." आणि ती बोलत होती. किती तरी वेळ. एकदा हसली. एकदा पोटावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. मी मान डोलवत होतो, टाक चालत होता. तिला वाटलं, लिहून घेतोय. मी तेव्हाच तुझं नाव काढत होतो.

एक शब्द माझ्या कानात शिरला नाही.

भिकाबाई वाट बघत होती. माझ्या जिभेवर वाक्य आलं. खोटं नाही सांगत, सुंदर वाक्य होतं; आईची मांडी होती त्यात, लहानपण होतं. म्हातारी रडली असती, मोकळी झाली असती, आणि मरेपर्यंत ते वाक्य तांडाभर सांगत राहिली असती. कोणाला कळणार होतं? किसनसिंगला दिलं होतंच की एक.

मी म्हटलं, "बोलली होती. लई बोलली. मी ऐकलं न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. शिवी नाही, शाप नाही. नुसतं बघितलं, मी कोणत्या जातीचं जनावर आहे ते समजून घ्यावं तसं.

"तुझ्यापुढंच बसली होती?"

"हो."

"हितं अन हितं?" तिनं हातानं तिच्यातलं आणि माझ्यातलं अंतर दाखवलं.

"हो."

"मंग बस," ती म्हणाली. "आठव."

आज तिसरा दिवस. मी इथंच आहे. भिकाबाई मला भाकरी देते, बोलत नाही. पोरगी माझ्या मांडीवर टाकून शेळ्या सोडायला जाते. किसनसिंग माझ्या बाजूनं जातो आणि माझ्याकडं बघत नाही. मी त्या दुपारचं एकेक करून समोर आणतो. पायऱ्या. तिची धाप. मांडीवरचं पाकीट. तिचे हात हलतात, ओठ हलतात, आवाज येत नाही. तिथं मी नाहीच. मी औरंगाबादेत, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे.

द्वारका, मी लेखक होणार. पण तुझ्या वडिलांच्या टेबलाचं मनातून गेलं. ती बाई जे बोलली ते या जगात फक्त माझ्यासमोर बोलली, आणि ते गेलं. पाण्यात नाही गेलं, पाण्यात गेलं ते माझं. तिचं माझ्यातच बुडालं. पुन्हा कोणी माझ्यापुढं बसून बोलेल तेव्हा मला तिथं असायचं आहे, आणि तो बोलेल तेच लिहायचं आहे, गाडीला गाडी. यात इज्जत किती, नाव किती, मला माहीत नाही. जमेल की नाही तेही माहीत नाही. एकवीस वर्षं मी दुसऱ्या कोणाचं पुरतं ऐकलंय असं मला आठवत नाही. तुझंसुद्धा नाही. तू गल्लीत शेवटची भेटलीस तेव्हा दोन वाक्यं बोलली होतीस. त्यातलं दुसरं काय होतं?

आज सकाळी चुलीचा धूर डोळ्यांत गेला आणि एकदम एक शब्द आला. लसूण. तिच्या तोंडून, तिच्या आवाजात. तिनं आईला सांगताना लसूण म्हटलं होतं. की मीच आत्ता रचला? चुलीवर लसणाची फोडणी होती, त्यावरून? तासभर तोच शब्द उलटसुलट करून बघितला. रचायची सवय एवढी झालीय की माझ्याच डोक्याचा मला भरवसा नाही. शेवटी भिकाबाईला जे होतं ते तसंच सांगितलं. म्हटलं, "माय, एक शब्द आठवल्यासारखा वाटतो. पक्का न्हाई. लसूण."

तिचा हात पिठात थांबला.

"लसूण," ती म्हणाली. हळू, दोनदा. परातीतलं पीठ तसंच सोडून हात पुसले आणि माझ्यापुढं येऊन बसली, हाताच्या अंतरावर.

"हां," म्हणाली. "पुढं?"